कपाळावरचे ठिपके

फोटो पाठवताना खाली तीनच शब्द लिहिले होते : ‘रानपिंगळा. बालाघाट. मार्च.’ चौथा शब्द ओठांवर होता, पण लिहिला नाही. ‘पहिला’. मध्य प्रदेशातल्या या जिल्ह्यातली या पक्ष्याची पहिली नोंद आपल्या नावावर लागणार, या खुशीत मी दुसऱ्यांदा चहा ठेवला.

चहाला उकळी यायच्या आत पुण्याहून उत्तर आले. ज्यांना फोटो पाठवला होता ते गृहस्थ अभिनंदनाच्या फंदात पडणारे नव्हेत. त्यांनी एवढेच विचारले होते, ‘कपाळावरचे ठिपके मोजलेत का?’

फोटो मोठा करून पाहिला. मग आदल्या दिवशीचे फोटो पाहिले, त्याच्या आदल्या दिवशीचेही. ढगाळ सकाळी काढलेल्या एका फोटोत पक्ष्याच्या कपाळावर पांढरे ठिपके असे पसरले होते की, मोजायला बसलो तर दुपार झाली असती. मी पाठवलेल्या फोटोत मात्र सकाळचे तिरपे ऊन नेमके डोक्यावर पडले होते. कॅमेऱ्यात उजेड जास्त घेतला गेला आणि ठिपके त्यात विरघळून गेले. रानपिंगळा म्हणून मी जो पाठवला, तो आपला साधा पिंगळा होता. गावातल्या चिंचेवर, शाळेच्या कौलाखाली, बसस्टँडमागच्या पिंपळावर असतो तोच.

चूक लाजिरवाणी होती, पण कारण नसताना झाली नव्हती. बैहरच्या रस्त्याला, वस्ती संपून साग सुरू होतो त्या वळणावर एक जुना मोह आहे. त्याच्या ढोलीत हे जोडपे राहायला आले आणि मी एकोणीस दिवस रोज सकाळी समोरच्या बांधावर जाऊन बसलो. मादी आत, नर बाहेर. तो कधी पाल घेऊन यायचा, कधी भुंगेरा, एकदा तर स्वतःच्या निम्म्या आकाराचा उंदीर. ढोलीच्या तोंडाशी येऊन हळू घुमल्यासारखा आवाज काढायचा. आतून चोच यायची, शिकार जायची आणि तो पुन्हा त्याच वाळक्या फांदीवर जाऊन बसायचा. मान डावीकडे, मान उजवीकडे, मग माझ्याकडे बघत दोन बैठका. पिंगळा शंका आली की बैठका मारतो, हे ज्याने पाहिले त्याला त्याचे भय वाटणे कठीण आहे. तिथे गाई चारायला येणाऱ्या म्हातारबांना मात्र माझा उद्योग पसंत नव्हता. “कायले फोटो काढता जी त्याचे? सकाळी सकाळी त्याचं नावबी घेऊ नये माणसानं.” एवढे म्हणून ते माझ्या शेजारीच बांधावर बसायचे आणि पिंगळ्याने काय आणले ते माझ्या आधी ओळखायचे.

हा नर दिवसाढवळ्या शिकार करत होता. त्यानेच मी फसलो. रानपिंगळा दिवसा हिंडतो एवढे वाचलेले होते. दिवसा हिंडणारा पिंगळा दिसला आणि बाकी सगळे मनाने भरून काढले. फोटोखालची चिठ्ठी आधी लिहिली आणि पक्षी नंतर पाहिला.

त्या रात्री रानपिंगळ्याची हकीकत मी मुळापासून पुन्हा वाचली. ही सगळी हकीकतच मुळी चिठ्ठीची निघाली.

नकाशा उघडून बालाघाटवर बोट ठेवा. तिथून पूर्वेला, जरा दक्षिणेकडे झुकत, पावणेतीनशे किलोमीटरवर छत्तीसगडच्या महासमुंद जिल्ह्यात बसना नावाचे गाव लागते. जुना फुलझरचा मुलूख तो. आता बोट उलटे पश्चिमेला न्या. सातपुड्याचा हात धरून गेलात की सुमारे सहाशे किलोमीटरवर नंदुरबार जिल्ह्यातले शहादे. रानपिंगळ्याचा शोध यांतल्या एका टोकाला लागला, आणि तो हरवला व पुन्हा सापडला तो दुसऱ्या टोकाला. बालाघाट या दोहोंच्या मध्ये पडते. इथल्या माणसाला एखादा पिंगळा वेगळा वाटला तर त्याची छाती धडधडते, ती याच भूगोलामुळे. निदान माझी तरी समजूत तशी आहे आणि माझ्या फजितीला तेवढाच आधार आहे.

डिसेंबर 1872. फुलझर आणि बालाघाट दोन्ही तेव्हा मध्य प्रांतात. एफ. आर. ब्लुइट नावाच्या इंग्रजाने बसना-फुलझर भागात एक पिंगळा मारला आणि अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूमकडे पाठवला. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपण ज्याला ओळखतो तोच हा ह्यूम. राजकारण त्याच्या आयुष्यात नंतर आले. त्याआधी तो हिंदुस्थानातल्या पक्ष्यांच्या मागे वेडा झालेला सनदी अधिकारी होता आणि देशभरातले हौशी अधिकारी त्याला कातडी पाठवत. ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे पक्ष्यांना वाहिलेले नियतकालिक तो स्वतःच चालवत असे. 1873 मध्ये त्यात त्याने या पिंगळ्याचे वर्णन छापले. नेहमीच्या पिंगळ्यांपेक्षा हा इतका निराळा वाटला की त्याने त्याच्यासाठी नवीन प्रजातीच (जीनस) काढली आणि पाठवणाऱ्याचे नाव पुढे लावले : हेटेरोग्लॉक्स ब्लुइटाय. याच ह्यूमची पक्ष्यांवरची हस्तलिखिते पुढे सिमल्यात नोकराने रद्दीच्या भावात बाजारात विकून टाकली. खचलेल्या ह्यूमने पाऊण लाखाहून अधिक नमुन्यांचा सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्यात ब्लुइटचा पिंगळाही समुद्रापार गेला.

पाच वर्षांनी, 1877 मध्ये, व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला खरियारजवळ दुसरा पक्षी मिळाला. ते आज ओडिशात येते. मग 1880 पासून पुढची तीन-चार वर्षे जेम्स डेव्हिडसन. हा खानदेशात सरकारी नोकरीवर असलेला पक्षीवेडा. शहादे-तळोद्याकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानांतून त्याने आणखी काही पक्षी मिळवले. 1884 नंतर शांतता.

जगभरच्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याची सात कातडी. खणातल्या पक्ष्याच्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते. कुणी मारला, कुठे, कोणत्या दिवशी. पक्ष्याची पिसे एखाद्या वेळी फसवतील, पण चिठ्ठीवर शास्त्र उभे असते. ती खोटी असेल अशी शंका घेणे म्हणजे देवळात जाऊन देवाची ओळख विचारण्यासारखे.

सातव्या पक्ष्याची चिठ्ठी म्हणत होती : मांडवी, तापीकाठ, गुजरात, ऑक्टोबर 1914. संग्राहक, कर्नल रिचर्ड मायनर्ट्‌झहागेन.

या माणसाची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. 1917 च्या बीरशेबाच्या लढाईआधी तुर्कांच्या हाती लागावी म्हणून खोट्या लष्करी कागदांनी भरलेली एक पिशवी मुद्दाम पाडली गेली. ते काम आपण केले, असे हा आयुष्यभर सांगत राहिला आणि त्यावर प्रसिद्ध झाला. ती पिशवी नेमकी कुणाची, याबद्दलही पुढे इतिहासकारांनी प्रश्न उभे केले. पक्ष्यांच्या जगात मात्र तो मोठा माणूस. वीस हजारांवर कातड्यांचा त्याचा संग्रह 1954 मध्ये ब्रिटिश म्युझियमने घेतला. 1937 मध्ये अफगाणिस्तानच्या मोहिमेत आपले सालिम अलीही त्याच्याबरोबर होते. त्याने बांधलेल्या चिठ्ठीवर अविश्वास दाखवायला कुणाला कारण नव्हते.

मग काय झाले? पक्षी शेवटचा 1914 मध्ये दिसला, असे पुस्तकांत गेले. तापीकाठ त्याच्या मुलुखात जोडला गेला. 1970 च्या दशकात डिलन रिप्ले आणि सालिम अली या जोडीने त्याचा शोध घेतला. रिप्ले अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख, आणि दहा खंडांचा भारतीय पक्षिकोश या दोघांनी मिळून केलेला. एवढ्या अधिकारी माणसांच्याही हाती काही लागले नाही. मधल्या काळात रानपिंगळ्याचा म्हणून पुढे आलेला एक फोटोही नीट तपासल्यावर साध्या पिंगळ्याचा निघाला. हे वाक्य वाचताना मी जरा सावरून बसलो. आपली चूक निदान घराण्यातली आहे.

हळूहळू या पक्ष्याबद्दलची वाक्ये भूतकाळात लिहिली जाऊ लागली.

रिप्लेंनी म्हातारपणी दक्षिण आशियातल्या पक्ष्यांचे एक मोठे मार्गदर्शक पुस्तक हाती घेतले होते. त्यांच्या मदतीला पामेला रासमुसेन नावाची पक्षितज्ज्ञ आली. पुस्तकासाठी एकेका पक्ष्याचा मुलूख ठरवायचा, तर चिठ्ठ्या तपासायला हव्यात. ब्रिटिश म्युझियमचे पक्षी आता इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयात असतात; तिथे ती खणामागून खण उघडत गेली. कर्नलच्या काही पक्ष्यांवर आधीच बोट ठेवले गेले होते. अॅलन नॉक्स यांनी 1993 मध्ये त्याच्या चोरलेल्या नमुन्यांविषयी सविस्तर लिहिले होते. रासमुसेन आणि ट्रिंगचे रॉबर्ट प्रिस-जोन्स जसजसे पाहत गेले तसतसे हे प्रकरण चार-दोन पक्ष्यांपुरते नाही हे उघड झाले. संग्रहालयातले दुसऱ्यांचे पक्षी उचलायचे, जुनी चिठ्ठी काढायची, आपली बांधायची. शेकडो पक्ष्यांच्या बाबतीत हे घडले होते.

सातवा रानपिंगळा तपासायला घेतला तेव्हा गंमत अशी झाली की पक्ष्यानेच साक्ष दिली. कातडे भरणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो, शिंप्याची टीप वेगळी असते तसा. कापूस किती आणि कुठे, पंखाच्या सांध्यात काय केले, टाका कसा घातला. सातव्या पक्ष्याचे पोट पुन्हा उकलून नव्याने भरलेले दिसत होते, पण पहिल्या हाताच्या खुणा पुरत्या गेल्या नव्हत्या. एक्स-रे काढले गेले, अमेरिकेच्या एफबीआयच्या प्रयोगशाळेची मदत घेतली गेली. पहिला हात डेव्हिडसनचा होता. खानदेशात 1880 च्या दशकात मारलेला पक्षी संग्रहालयातून चोरून, पोट उसवून, पुन्हा भरून, त्याला 1914 चे गुजरात चिकटवलेले. आणि तो ऑक्टोबर म्हणजे महायुद्ध सुरू होऊन दोन महिने झालेले, स्वारी मुंबईहून पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर निघण्याच्या गडबडीत. तापीकाठी पिंगळे मारत फिरायला त्याला सवड कुठली?

नायजेल कॉलर यांच्यासह रासमुसेनने हे सगळे 1999 मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात मांडले. पण त्याआधीच तिने त्या निष्कर्षाचा उपयोग करून घेतला होता. मला या हकिकतीत सर्वांत जास्त आवडतो तो हा भाग. खोटी चिठ्ठी फाडल्याने हा पक्षी पुस्तकांत आणखी तीस वर्षे मागे गेला, म्हणजे जगण्याची आशा कमीच झाली. पण शोधायचे कुठे हा प्रश्न मात्र सुटला. तापीकाठची मांडवी सोडून द्यायची. जिथे पक्षी खरोखर मारले गेले होते त्या जागांवर जायचे : फुलझर, खरियार, शहादे.

नोव्हेंबर 1997. रासमुसेनबरोबर बेन किंग होता. आग्नेय आशियाच्या पक्ष्यांवरचे मार्गदर्शक पुस्तक लिहिलेला, दुर्मिळ पक्ष्यांच्या मागे आयुष्य घालवलेला अमेरिकन. तिसरा डेव्हिड अॅबट, त्यांचा पक्षीनिरीक्षक दोस्त. आधी पूर्वेचे टोक. ब्लुइट आणि बॉल जिथे फिरले तो मुलूख या तिघांनी पालथा घातला आणि तिथे रानपिंगळा मिळाला नाही. शंभर-सव्वाशे वर्षांत रान कुठल्या कुठे गेले होते. आता उरले शेवटचे टोक, खानदेश.

शहाद्याच्या सपाटीवर डेव्हिडसनच्या वेळचे रान शोधणे म्हणजे उसाच्या फडात वाघ शोधणे. सगळी शेती. ते पायथ्याकडे सरकले, जिथे सातपुडा सुरू होतो आणि साग अजून उभा आहे.

25 नोव्हेंबर. सकाळची वेळ. थंडीतली सकाळ पक्ष्यांसाठी चांगली असते, पण ऊन तापले की रान गप्प होते. साडेआठच्या सुमाराला बेन किंगने हळूच सांगितले, तो पिंगळा बघा.

बिनपानांच्या एका झाडाच्या शेंड्याशी पक्षी बसला होता. भर उन्हात.

रासमुसेन त्या वेळी पाणी प्यायला बाटली उघडत होती. बाटली कुठे पडली हे तिला कळले नाही. कॅमेरा काढताना हात थरथरले असतील. त्यात शरम वाटण्यासारखे काही नाही, माझे हात साध्या पिंगळ्यापुढे थरथरले होते. तिने आधी डोके पाहिले. कपाळ आणि माथा सपाट, करडा-तपकिरी, जवळजवळ बिनठिपक्यांचा. पाठही तशीच. छातीवर तपकिरी रुंद डाग, त्याखाली पोट स्वच्छ पांढरे. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. पाय जाडजूड, पिसांनी भरलेले. शरीराच्या मानाने चोच आणि पंजे मोठे. ती आयुष्यातली काही वर्षे ज्याची सात मेलेली शरीरे उलटसुलट करून पाहत आली होती, तो जिवंत पक्षी डोळे मिचकावत बसला होता.

ब्लुइट, बॉल, डेव्हिडसन यांच्या काळात पुढची पायरी ठरलेली होती. बंदूक. मारलेल्या पक्ष्याशिवाय नोंद कसली! 1997 मध्ये तिथे बंदूक नव्हती. फोटो काढले गेले, व्हिडिओ घेतला गेला. पक्षी उडून गेला असता तर? तिघांनी पाहिले म्हणून कोण विश्वास ठेवणार होते, एका कर्नलने एवढा गोंधळ घालून ठेवल्यावर? पण तो बसून राहिला. सकाळचे कोवळे ऊन खात, स्वतःच्या पुनर्जन्माची कागदपत्रे पुरी होईपर्यंत.

1884 ते 1997. एकशे तेरा वर्षे.

‘शोध लागला’ हा शब्दप्रयोग लिहिताना मला म्हातारबांचा चेहरा आठवतो. सातपुड्याच्या त्या पट्ट्यात भिल्ल आणि पावरा राहतात, पूर्वेकडे मेळघाटात कोरकू. एकशे तेरा वर्षे हा पक्षी त्यांच्या शेताच्या बांधावर, त्यांच्या डोक्यावरच्या फांदीवर बसत होता, दिवसा, मोठ्याने ओरडत. हरवला होता तो आपल्या कागदांतून. अर्थात याची दुसरी बाजूही आहे : घुबडाला अपशकुनी मानून गलोल मारणारे, जादूटोण्यासाठी पकडणारे तिथेही आहेत, इथेही आहेत. रानाशी जवळीक म्हणजे रानावर माया असे समीकरण मी मांडणार नाही.

पुढच्याच वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काम हाती घेतले. फराह इश्तियाक ही तरुण संशोधक आणि असद रहमानी यांनी जून 1998 पासून वर्षभरात गुजरात, महाराष्ट्र, मध्य प्रदेश, ओडिशा मिळून चौदा ठिकाणी शोध घेतला. चार रानांत मिळून पंचवीस पक्षी सापडले, सगळे उत्तर महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशच्या नैर्ऋत्य भागात. पूर्वेकडे याही वेळी नाही.

ते कसे जगतात हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हते. सात कातडी होती, पण एक घरटे नव्हते, एक आवाज ध्वनिमुद्रित नव्हता. तोरणमाळच्या पठारावर, सागाच्या उघड्या रानात, इश्तियाक यांनी जोड्यांच्या मागावर दिवसच्या दिवस घालवले आणि घुबडाविषयीच्या पुष्कळ समजुती गळून पडल्या. नावात रान असले तरी याला किर्र झाडी नको. झाडे विरळ हवीत, खाली जमीन दिसायला हवी, मध्ये एखादे शेत असले तरी चालते. घुबड म्हटले की आपण रात्री बॅटरी घेऊन निघतो, आणि हा सकाळी कामाला लागतो. उघड्या फांदीवर बसून शेपटी डावी-उजवीकडे झटकत खाली नजर लावतो. शिकारीत सरडे, पाली, सापसुरळ्या जास्त. मग उंदीर, लहान पक्षी, किडे. दाट रानात, रात्रीच्या अंधारात शोधणाऱ्याला हा पक्षी सापडणार नाही, याची सोय निसर्गानेच करून ठेवलेली होती.

घरटे झाडाच्या ढोलीत. ढोलीला जुने झाड लागते, आणि जुने झाड हीच आपल्या रानातली सर्वांत दुर्मिळ वस्तू. अंडी बहुधा दोन. मादी बसते आणि नर वाहतो. तिच्यासाठी, मग पिल्लांसाठी. महिनाभर उबवणी, महिनाभर पिल्ले ढोलीत. इथवर माझ्या मोहावरच्या संसारासारखेच. पण तोरणमाळला एक गोष्ट अशी टिपली गेली, जी वाचून मी पुस्तक बाजूला ठेवले. नराने आपलेच पिल्लू खाल्ले. इश्तियाक आणि रहमानी यांनी 2000 मध्ये ‘फोर्कटेल’ या नियतकालिकात त्यावर स्वतंत्र टिपण लिहिले, कोरड्या शास्त्रीय भाषेत. पक्ष्यांच्या संसाराचे फोटो काढणाऱ्या आम्हा लोकांना कॅमेऱ्यासमोर ‘बाबा घास भरवतात’ एवढेच हवे असते. शिकारी पक्षी आहे तो. आपल्या कॅलेंडरसाठी संसार मांडून बसलेला नाही.

नंतरच्या वर्षांत नोंदी वाढत गेल्या. मेळघाटात पक्षी चांगल्या संख्येने निघाला. पुण्याच्या वाइल्डलाइफ रिसर्च अँड कॉन्झर्व्हेशन सोसायटीच्या प्राची मेहता आणि सहकाऱ्यांनी खंडवा-बुऱ्हाणपूरच्या रानांत त्याचा मागोवा घेतला. 2014 मध्ये तो ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात दिसला. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या रानात, लोकलच्या मार्गापासून फार लांब नाही, आणि इतकी वर्षे कुणाच्या लक्षात आला नव्हता.

आणि मग या हकिकतीतला सर्वांत खट्याळ क्षण. 2015 मध्ये गुजरातेतल्या डांगच्या पूर्णा अभयारण्यातून रानपिंगळ्याची नोंद प्रसिद्ध झाली. म्हणजे दक्षिण गुजरात. कर्नलच्या खोट्या मांडवीपासून फार लांब नाही! चिठ्ठी खोटी ती खोटीच. पण तिच्यावर लिहिलेल्या मुलखात पक्षी खरोखर होता. खोटे बोलणाऱ्याचा अंदाज बरोबर निघाला म्हणून त्याला सत्य सांगितल्याचे श्रेय देता येत नाही. मायनर्ट्‌झहागेन 1967 मध्ये वारला. हे ऐकायला असता तर त्याने नक्कीच श्रेय मागितले असते.

प्रजातीचाही निकाल लागला. ह्यूमने काढलेली स्वतंत्र प्रजाती खरी की हा नेहमीच्या पिंगळ्यांचाच भाऊबंद, हा वाद शतकभर रेंगाळला होता. 2018 मध्ये पंकज कोपर्डे, प्राची मेहता, व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी जनुकांचा अभ्यास करून दाखवले की रानपिंगळा पिंगळ्यांच्याच घराण्यातला आहे. बिचाऱ्या ह्यूमचे हेटेरोग्लॉक्स त्यामुळे अडचणीत आले. त्याच वर्षी जागतिक लाल यादीत हा पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’मधून एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’मध्ये आला. ही बढती ऐकून हुरळून जायचे कारण नाही. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज अडीचशे ते हजाराच्या आतबाहेर. पक्षी वाढले असे नव्हे, पाहणारे वाढले.

आता पुन्हा बैहरचा रस्ता.

फजितीनंतर मी दोन दिवस तिकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तर म्हातारबा बांधावर माझ्या जागेवर बसलेले. “आले जी? कालपासून पिलं डोकावून राहिली.” मी कॅमेरा लावला. ढोलीच्या तोंडाशी दोन गोल डोळे, त्यांच्या मागे आणखी दोन. नर नेहमीच्या फांदीवर. ढग होते, उजेड मऊ होता आणि त्याच्या कपाळावरचा एकेक ठिपका स्वच्छ दिसत होता. आठवडाभरात तीन पिल्ले बाहेर आली. पहिले भीत भीत फांदीवर, दुसरे त्याला ढकलत, तिसरे थेट खाली बेशरमाच्या झुडपात. तिथून त्याला वर यायला संध्याकाळ झाली. आम्ही दोघे गाईंना तिकडे फिरकू न देता बसून होतो. एकशे तेरा वर्षांनी दिसलेल्या पक्ष्याइतके हे मोठे नाही, हे मला कळते. पण त्या दिवशीचे फोटो मी काढलेल्यांत सर्वांत चांगले आहेत.

घरी येऊन संगणकातल्या त्या पहिल्या फोटोचे नाव बदलले. ‘पिंगळा, बैहर रस्ता, मार्च. उजेड जास्त.’ फोटो पुसला मात्र नाही.

बालाघाटच्या रानात रानपिंगळा आहे असे मी म्हणत नाही. पण विरळ साग, मोकळी जमीन, ढोलीची म्हातारी झाडे हे सगळे इथे आहे आणि कान्हाच्या फाटकाबाहेर, जिथे वाघ दिसत नाही म्हणून कुणी जिप्सी नेत नाही, तिथे ते जास्त आहे. तुम्ही या बाजूला राहत असाल आणि एखाद्या थंडीच्या सकाळी, आठ-साडेआठला, वाळक्या शेंड्यावर शेपटी झटकणारा, पांढऱ्या पोटाचा दांडगा पिंगळा दिसला, तर जागेवर थांबा. जवळ जाऊ नका, मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका, ढोली सापडली तर ती जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. लांबून, सावलीत, उजेड कमी ठेवून फोटो घ्या. चिठ्ठी शेवटी लिहा. आधी ठिपके मोजा.